शितावरून भाताची परीक्षा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे गुडघ्याने छळलं, मग पाहुणे, मग आळस. पण एक विषय गेले कित्येक महिने डोक्यात नुसता खदखदतो आहे. घरच्यांना सांगून झालं, आता ते ऐकत नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते.

2025 च्या मार्चमधली गोष्ट. सकाळी सातचा चहा गाळत होते आणि न्यूजर्सीहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. एरवी या वेळी ती कधी फोन करत नाही. चेहरा रडवेला. म्हणाली, "आजी, तू टीचर होतीस ना? मग मला सांग, अर्ध्या टर्मचे मार्क खरे मार्क असतात का?"

मी म्हटलं, "तू आधी पाणी पी. मग सांग काय झालं ते."

झालं होतं ते असं. ही मुलगी तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगते, कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं, घराजवळचं सार्वजनिक कॉलेज. तिथे एक-दोन वर्षं काढायची आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात 'ट्रान्सफर' घ्यायची, हा तिकडे रुळलेला रस्ता आहे आणि पैसे वाचवणारा आहे. तर तिने चार-पाच ठिकाणी ट्रान्सफरचे अर्ज केले. त्यातली दोन खाजगी विद्यापीठं 'कॉमन अॅप्लिकेशन'वरून अर्ज घेणारी. एकच अर्ज भरायचा आणि तो अनेक कॉलेजांना जातो. 1975 साली पंधरा खाजगी कॉलेजांनी मिळून सुरू केलेली ही पद्धत, आज हजाराहून जास्त संस्था त्यात आहेत. सोय चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यातल्या एका कागदाबद्दल. त्याचं नाव 'मिड-टर्म रिपोर्ट'. म्हणजे चालू सत्रातल्या प्रत्येक विषयात आजमितीला तुमची ग्रेड काय आहे, ते प्रत्येक प्राध्यापकाकडून लिहून, सही घेऊन पाठवायचं. सत्र सुरू झालं जानेवारीच्या शेवटी, संपणार मेमध्ये, आणि मार्चच्या मध्यावर हा हिशेब. सगळीच विद्यापीठं मागत नाहीत हा कागद, पण मागणारी बरीच आहेत.

हिचे पाच विषय. त्यांतल्या तीन प्राध्यापकांनी हसत हसत सही दिली. एकाने अजून एकही परीक्षा घेतलेली नव्हती, त्याने ग्रेडच्या रकान्यात नुसती रेघ ओढली. उरलं रसायनशास्त्र. ते शिकवणारे गृहस्थ अर्धवेळ, आठवड्यातून दोनदा येणारे, त्यांना कॉलेजात बसायला खोलीसुद्धा नाही (तिकडे कम्युनिटी कॉलेजांत असे अर्धवेळ प्राध्यापक खूप). वर्ग संपला की दुसऱ्या कॉलेजला पळायचं. ही पोर त्यांच्यामागे धावत पार्किंगपर्यंत गेली आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही घेतली. बिचाऱ्यांनी वही काढून बघितली आणि लिहिलं, 'सी'.

आता या 'सी'चा हिशेब ऐका. मी तिच्याकडून आकडे घेऊन जुन्या डायरीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. त्या विषयात गृहपाठाला शंभरातले 10, तीन चाचण्यांना प्रत्येकी 20 म्हणजे 60, आणि शेवटच्या परीक्षेला 30. मार्चमध्ये काय झालं होतं? गृहपाठात सरासरी 95 आणि पहिल्या चाचणीत 62. तेवढ्याच तीस टक्क्यांवर हिशेब केला तर येतात 73. झाला 'सी'. उरलेले सत्तर टक्के अजून घडायचेच आहेत! आणि त्याच प्राध्यापकांचा पहिल्या दिवशी सांगितलेला नियम असा, की शेवटच्या परीक्षेत जास्त मिळाले तर सगळ्यात वाईट चाचणीच्या जागी ते धरायचे. म्हणजे तो 62 कदाचित पुढे अस्तित्वातच राहणार नव्हता. फॉर्मवर हे लिहायला जागा कुठे आहे? जागा आहे एका अक्षरापुरती.

"आजी, हा पाठवला नाही तर अर्ज अपुरा म्हणून बाजूला ठेवतील. पाठवला तर ते म्हणतील हिला केमिस्ट्री येत नाही. काय करू?"

काय सांगणार? पाठव म्हटलं.

मंडळी, मी चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. सहामाही परीक्षेचे किती गठ्ठे तपासले असतील, मोजदाद नाही. आणि सहामाहीचे मार्क म्हणजे काय असतात ते मला विचारा. ती शिक्षकाने विद्यार्थ्याशी केलेली बातचीत असते. हुशार पण आळशी पोराला मी सहामाहीत मुद्दाम हात आखडता घेऊन मार्क देत असे, दिवाळीच्या सुट्टीत त्याने पुस्तक उघडावं म्हणून. घाबरणाऱ्या मुलीला दोन मार्क जास्त, तिचा धीर सुटू नये म्हणून. वार्षिक परीक्षेत असं काही नाही, तिथे जे कागदावर आहे तेच. हे चूक की बरोबर, त्यावर तुम्ही माझ्याशी भांडू शकता, पण माझ्या पिढीतले बहुतेक शिक्षक हेच करत होते आणि पोरांनाही ते ठाऊक असायचं. त्या मार्कांना वर्गाच्या चार भिंतींत अर्थ होता. भिंतीबाहेर तेच आकडे नेले की अर्थ मागेच राहतो आणि आकडा तेवढा पुढे जातो.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना? पण शीत बोटाने चेपून बघतो ते कशासाठी? अजून आच द्यायची का, पाणी घालायचं का, हे कळावं म्हणून. कच्चं लागलं तर झाकण ठेवतो. ते शीत ताटलीत घालून शेजारणीकडे पाठवत नाही की बाई, बघ माझा भात कसा झालाय.

मी निवृत्त झाल्यावर, शिक्षणहक्क कायद्यापाठोपाठ 2010 मध्ये, आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात दोन शब्द होते, आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे मूल घडत असताना केलेलं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी केलेलं. आमच्या शिक्षकखोलीत या शब्दांची पुष्कळ टिंगल झाली असेल, नोंदींची रजिस्टरं भरून भरून माझ्या धाकट्या सहकारी अगदी मेटाकुटीला आल्या होत्या. पण मुळातला भेद खरा आहे. घडत असतानाचं वेगळं आणि घडून झाल्यावरचं वेगळं. ज्या अमेरिकेतून हे सगळं शास्त्र जगभर गेलं, तिथल्याच विद्यापीठांनी आकारिक उचलून संकलिताच्या रकान्यात बसवावं, याला काय म्हणावं?

आता आमच्या जावयांचं म्हणणं. ते तिकडे पंचवीस वर्षं आहेत, समजूतदार आहेत आणि माझ्याशी वाद घालायला कधी कंटाळत नाहीत. ते म्हणाले, "आई, पहिल्याच वर्षानंतर ट्रान्सफर मागणाऱ्या मुलाकडे कॉलेजचे मार्क असतात कुठे? एकाच सत्राचे. त्यावरून विद्यापीठाने निर्णय कसा घ्यायचा? आणि अर्ज टाकला की मुलं ढिली पडतात. ती ढिली पडली नाहीत ना, एवढं बघायचं असतं."

पहिला मुद्दा मला मान्य आहे. एका सत्राचे मार्क कमीच. पण एक पुरावा कमी पडतो म्हणून दुसरा कच्चा पुरावा त्याच्याशेजारी पक्क्यासारखा मांडायचा, हे कुठलं न्यायशास्त्र?

आणि ढिलं पडण्याचं म्हणाल तर त्याचा बंदोबस्त त्यांनी आधीच केलेला आहे. प्रवेश देतात तोच मुळी अटीवर. सत्र पूर्ण करा, शेवटची अधिकृत गुणपत्रिका पाठवा, त्यात घसरगुंडी दिसली तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा हक्क ते राखून ठेवतात. म्हणजे बघा, मार्चमध्ये बरा असलेला मुलगा मेमध्ये पडला तर प्रवेश रद्द करायची सोय आहे. पण मार्चमध्ये मागे असलेला मुलगा मेमध्ये वर आला तर? मार्चच्या अक्षरावरून त्याला नकार दिलेला असला, तर तो नकार मेची गुणपत्रिका बघून कोण मागे घेतो? कुणी नाही. खाली जाणाऱ्याची दखल दोनदा आणि वर चढणाऱ्याची एकदाही नाही. माझा मुख्य राग इथे आहे.

जावई म्हणाले, ज्यांचं पहिलं सत्र वाईट गेलं त्यांना याचा फायदा होतो, सुधारणा दाखवता येते. हेही खरंच. अशी मुलं असतील आणि त्यांच्यासाठी खिडकी असावी. पण मग ज्याला दाखवायचंय त्याने दाखवावं असं ठेवा. (यावर ते हसले. म्हणाले, "ऐच्छिक ठेवलं की न पाठवणाऱ्याकडे संशयाने बघतील." याचं उत्तर माझ्यापाशी नाही. बहुधा बरोबर आहे त्यांचं.)

तिकडे सगळेच असं करतात असंही नाही. माझ्या भाचीचा मुलगा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर घेऊन गेला. तिथलं सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे ज्यात येतात ते, अर्ज घेतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा चालू सत्राच्या विषयांची नुसती नावं द्यायची. सत्र डिसेंबरात संपलं, पक्क्या ग्रेड आल्या, की जानेवारीत त्या ऑनलाइन भरायच्या. प्राध्यापकांमागे पार्किंगपर्यंत धावणं नाही, शिफारसपत्रांसाठी उंबरे झिजवणं नाही. वसंत सत्राच्या ग्रेड उन्हाळ्यात अधिकृत गुणपत्रिकेवरून ताडून बघतात. ते मुख्यतः दोन वर्षं पूर्ण करून येणाऱ्यांना घेतात, साठ क्रेडिटची अट असते, त्यामुळे त्यांच्या हातात पुरावा जास्त असतो हे कबूल. पण एवढा मोठा कारभार अर्ध्या टर्मच्या अक्षराशिवाय चालतोच ना!

एक गंमत सांगते. तिकडे 1974 चा एक कायदा आहे, त्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलाच्या मार्कांवर हक्क त्या मुलाचा. त्याच्या संमतीवाचून कॉलेज आईबापांनाही सहसा मार्क सांगत नाही. माझ्या लेकीला तिच्या पोरीची केमिस्ट्रीची चाचणी कशी गेली हे कॉलेज सांगणार नाही, पण हजार मैलांवरच्या अनोळखी प्रवेश अधिकाऱ्याला ते सहीनिशी कळवायचं. संमती असते हो, मुलगी स्वतःच पाठवते. पण न पाठवण्याची मुभा नसेल तर ती संमती कसली?

आता तुम्ही म्हणाल, आजीबाईंना अमेरिकेची एवढी काळजी का? काळजी आपलीच आहे. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर, 2021 मध्ये, अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. एका संस्थेत मिळवलेली क्रेडिट्स खात्यात जमा करायची आणि दुसरीकडे न्यायची. म्हणजे अधेमधे कॉलेज बदलणं आपल्या पोरांनाही सुरू होणार. आज तरी त्या बँकेत पूर्ण झालेलंच जमा होतं, हे उत्तम आहे. पण आपल्याला बाहेरच्या चालीरीती उचलायची हौस फार, आणि त्यातही नेमक्या नको त्या.

आतले मार्क बाहेर मोजले जाऊ लागले की शिक्षकाच्या हाताचं काय होतं, ते आपण आपल्या घरात पाहिलं आहे. दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांत शाळेच्या हातातले वीस-वीस मार्क असायचे. बोर्डाने ते 2019 च्या परीक्षेसाठी काढून टाकले. राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, तो 2019 मध्ये 77.10 वर आला. ओरड झाली. वीस मार्क परत दिले, आणि 2020 चा निकाल 95.30! मुलं एका वर्षात मठ्ठ आणि पुढच्या वर्षात विद्वान झाली होती का? बाकीची कारणंही असतील, पण आमच्या हाताचा मोठा वाटा त्यात आहे, हे शिक्षकांनी तरी मनाशी कबूल करावं. पुढे 2021 मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे 50, दहावीच्या शाळेतल्या लेखी परीक्षांचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकांचे 20 असे धरले, आणि निकाल लागला 99.95 टक्के. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, मी कुणाला दोष देत नाही. पण शिक्षकाला कळलं की माझा आतला आकडा बाहेर जाणार, की तो आकडा खरा राहत नाही. दयाळू शिक्षक फुगवतो. आणि जो फुगवत नाही, त्याच्या वर्गातली मुलं मार खातात. त्या पाच विषयांच्या फॉर्मवर हसत सही देणारे तीन प्राध्यापक आणि वही बघून 'सी' लिहिणारे ते प्रामाणिक गृहस्थ आठवा.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहिते आहे, त्याचं एक कारण अजून सांगितलेलं नाही. घरच्यांनाही ते नातीच्या फोननंतरच सांगितलं.

1983 ची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका होते. वर्गात एक मुलगा होता, लांबच्या वाडीवरचा. आधीच्या शाळेत वर्षभर इंग्रजीला शिक्षकच नव्हता, त्यामुळे जूनमध्ये आला तेव्हा दोन पावलं मागे. पण रोज काहीतरी विचारायचा, चिकट होता. गावातल्या एका वसतिगृहात राहायचा. सहामाही झाल्यावर वसतिगृहाने त्यांच्या मुलांचे मार्क मागवले. 45 टक्क्यांच्या खाली असेल त्याची जागा जाणार. मी यादी करून, शिक्का मारून पाठवली.

तो एकूण बेरजेत चार मार्कांनी कमी पडला. आणि मराठीत त्याचे सात मार्क मी शुद्धलेखनासाठी कापले होते. निबंध चांगला होता. पण ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावं म्हणून मी कापले, वार्षिकला इतके कापले नसते. यादी लिहिताना ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. नुसते आकडे उतरवत गेले. सोबत दोन ओळी लिहिता आल्या असत्या, मुलगा सुधारतो आहे, सवलत द्यावी. कुणी मागितल्या नव्हत्या, मी लिहिल्या नाहीत.

दिवाळीनंतर तो वाडीवरून नऊ किलोमीटर चालत येऊ लागला. डिसेंबरात आठवड्यातून तीनदा, मग दोनदा. जानेवारीत नाव पटावर होतं, मुलगा नव्हता. मी एकदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. तो पुढे कुठे गेला, काय करतो, मला माहीत नाही. आज त्याचं वय छप्पन-सत्तावन्न असेल.

म्हणून प्रवेश देणाऱ्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे, आणि हे त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही हेही मला माहीत आहे. तुम्हाला चालू सत्राबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल, तर शिक्षकाला अक्षर मागू नका, दोन ओळी मागा. मुलगी वर्गात येते का, विचारते का, पहिल्या चाचणीनंतर काय केलं तिने? वाचायला वेळ लागेल, अक्षर पटकन मोजता येतं, हे मला कळतं. पण मग निदान असं म्हणू नका की आम्ही प्रत्येक अर्ज अगदी समग्रपणे बघतो. आणि ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांचा निर्णय मेच्या ग्रेड येईपर्यंत थांबवा. तीन आठवड्यांत विद्यापीठ बुडत नाही.

नातीचं काय झालं ते विचारणार तुम्ही. रसायनशास्त्राच्या पुढच्या दोन चाचण्यांत तिला 88 आणि 92 मिळाले, शेवटच्या परीक्षेत 90. तो 62 गळून गेला, एकूण साडेनव्वद, ग्रेड 'ए मायनस'. ती लागली त्याच्या आठवडाभर आधी त्या दोन्ही खाजगी विद्यापीठांचे नकार येऊन पडले होते. त्या 'सी'मुळेच आले असं मी म्हणत नाही, कारण सांगायची त्यांच्यात पद्धत नाही. जिथे हा कागद मागितला नव्हता त्या एका सरकारी विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला, ऑगस्टपासून ती तिथे आहे आणि मजेत आहे. मला म्हणते, "आजी, तू अजून त्यावरच बसलीयेस?"

हो, बसलेय. त्या फॉर्मची एक प्रत मी तिच्याकडून मागून घेतली आहे. बॉनेटवर लिहिल्यामुळे सही जरा वाकडी आली आहे. जावईबापू हे वाचतीलच, त्यांचं उत्तर खाली येईल अशी अपेक्षा आहे. आणि वाचकांत तिकडे कॉलेजात शिकवणारं कुणी असेल, तर मार्चमध्ये असा फॉर्म समोर आल्यावर तुम्ही त्या रकान्यात काय लिहिता, ते मला जरूर कळवा.